काटा लाल होण्याआधी

टोचन लावून ट्रॅक्टर गॅरेजवर आला की सोबत आलेल्या माणसाचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं. "मिस्त्री, सकाळपर्यंत मस्त चालू होतं. अचानकच गरम झालं." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं, कारण त्याला दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे बॉनेटखालून निघालेली वाफ. मी इंजिन उघडतो तेव्हा मात्र मला दिसतं ते एका दिवसाचं नसतं. पाण्याच्या वाटेत साचलेला पांढरा थर, आतून फुगलेला होज पाइप, झाकणाचं वाळून तडकलेलं रबर, रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसलेलं मागच्या हंगामाचं कुटार. सोनाळ्यात डिझेल इंजिनं खोलण्या-बांधण्यात आयुष्य गेल्यावर एवढं ठामपणे सांगू शकतो, की इंजिन एका दिवसात गरम होत नाही. ते महिनोन् महिने गरम होत आलेलं असतं. त्या दिवशी ते फक्त सगळ्यांना दिसतं.

आमच्या भागात हे जास्त जोर देऊन सांगावं लागतं, त्याचं कारण आमचं पाणी. सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे ते पंचक्रोशीत माहीत आहे. उत्तरेला अंबाबरव्याचं जंगल आणि डोंगर, जवळच वान नदीवरचं वारीचं हनुमान सागर धरण. पायथ्याच्या गाळ-गोट्यांच्या जमिनीत विहिरी खोल आहेत, पण पाणी गोडं लागतं. संत्र्याच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. इथून दक्षिणेला वरवट बकालकडून पूर्णा नदीकडे उतरत गेलं की चव बदलत जाते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि पिण्यालाही चालत नाही. त्या गावांतल्या किडनीच्या आजारांवर वर्षानुवर्षं बोललं जातं आहे आणि लोक त्याचा संबंध या पाण्याशी जोडतात. म्हणून आता माणसांसाठी धरणाचं पाणी नळानं येतं, गावोगावी आरओचे जार मिळतात. इंजिनाच्या वाट्याला मात्र अजून बांधावरच्या बोअरचंच पाणी येतं.

माझ्या गॅरेजवर रोज येणारे निम्मे ट्रॅक्टर पायथ्याच्या गावांतले, निम्मे खालच्या पट्ट्यातले. दोन्हीकडची इंजिनं शेजारी शेजारी उघडून ठेवली की कुठलं इंजिन कुठलं पाणी प्यायलं ते न विचारता सांगता येतं. खालच्या पट्ट्यातल्या इंजिनात गंज आणि क्षार दोन्ही सापडतात. पायथ्याच्या इंजिनात गंज कमी, पण थर असतोच. हे पुष्कळांना पटत नाही. "आमचं पानी तं गोडं आहे, मिस्त्री," असं ते म्हणतात. पाणी गोडं असलं म्हणजे ते मऊ असतं असं नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड आहे. त्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की वेगळा होतो आणि जिथे सगळ्यात जास्त ताप असतो तिथेच चिकटतो. इंजिनात ती जागा म्हणजे हेडमधली एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीची पोकळी आणि लाइनरचा वरचा भाग. ज्या जागेला पाण्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच आधी थर बसतो.

हा थर किती नुकसान करतो ते समजून घ्यायला हवं. बीडाच्या, म्हणजे ज्या लोखंडाचा ब्लॉक ओततात त्याच्या तुलनेत, चुन्याचा थर उष्णता वीस-पंचवीस पट कमी वाहू देतो. एक मिलिमीटरचा थर म्हणजे लाइनरच्या भिंतीला बाहेरून दोन सेंटिमीटरहून जाड लोखंडाचं अस्तर लावल्यासारखं झालं. आतला ताप बाहेर यायला अडतो. काटा मात्र पाण्याचंच तापमान दाखवत राहतो. पाणी ठीक दिसतं आणि त्याच वेळी पिस्टन, रिंगा आणि हेड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेले असतात. कित्येक इंजिनांचा काटा कधीच लालमध्ये गेलेला नसतो, तरी ती रिंगा चिकटून आणि तेल खाऊन माझ्याकडे येतात, ती यामुळे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं ते नंतर. खामगावला आयटीआयत मेकॅनिक डिझेल शिकलो, तिथे आकृत्या काढल्या, नावं पाठ केली. पण पाण्याकडे बघायला शिकवलं ते माझ्या उस्तादांनी. त्यांचा काळ विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या दशकांत पाच हॉर्सपॉवरचं इंजिन गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसलं. वीज पोचायच्या आधी आमच्या भागातलं ओलीत त्याच इंजिनांनी केलं. त्यातल्या पुष्कळ इंजिनांना रेडिएटर नव्हता. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी काढायची, ती ब्लॉकला जोडायची आणि दुसऱ्या बाजूनं गरम झालेलं पाणी चारीत सोडून द्यायचं. विहिरीला पाणी आहे तोवर इंजिन गार. व्यवस्था साधी आणि स्वस्त होती. पण तिच्यात रोज, दर मिनिटाला नवं पाणी येई आणि नव्या पाण्याबरोबर नवा क्षार येई. खालच्या पट्ट्यातलं इंजिन उस्ताद उघडायचे तेव्हा पाण्याची वाट बोटभर जागेपासून पेन्सिलीएवढी उरलेली असायची. छिन्नी-हातोडीनं थर फोडून काढताना ते म्हणायचे, "पोरा, इंजन डिझेलवर चालते हे खरं, पन जगते पान्यावर."

ते इंजिन गेलं, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचं पाणी बंद चक्रात फिरतं. एकदा भरलेलं पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये, तिथून रेडिएटरमध्ये, परत पंपातून ब्लॉकमध्ये. चक्र नीट बंद असेल तर पाण्यात असलेला क्षार एकदाच बसतो आणि थांबतो. खरा धोका सुरू होतो तो रोज पाणी घालावं लागतं तेव्हा. झाकण सैल असेल, पाणी वाफ होऊन उडत असेल आणि ड्रायव्हर सकाळी लिटरभर बोअरचं पाणी ओतत असेल, तर तो ट्रॅक्टर जुन्या ऑइल इंजिनासारखाच वागू लागतो. वाफ होऊन पाणी जातं, क्षार आत राहतो. लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज एक लिटर घातलं तर शंभर दिवसांत दोनशे ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या जवळ क्षार इंजिनात राहून जातो. म्हणून कोणी मला अभिमानानं सांगितलं, की "मी रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी टाकतोच," तर मी विचारतो, "रोज टाकावं लागते, तं रोज जाते कुठं?" पाणी पाहणं ही चांगली सवय आहे. पण ते रोज कमी होणं हा आजार आहे, आणि तो शोधायला हवा.

इंजिनाला एवढं पाणी कशाला लागतं, याचा हिशोब मी गॅरेजवर येणाऱ्या पोरांना नेहमी मांडून दाखवतो. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो. तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो. उरलेल्यातला मोठा वाटा, एकूण उष्णतेचा पाव भाग किंवा थोडा जास्त, पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर नांगराला लावला की तासाला पाचेक लिटर डिझेल सहज जाळतो. तेवढ्या वेळात पाण्याकडे येणारी उष्णता दीडशे लिटर गार पाणी उकळीला आणायला पुरेल. आणि ट्रॅक्टरमध्ये पाणी असतं आठ-दहा लिटर. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरून, पुन्हा पुन्हा ताप टाकून येतं, म्हणून काम चालतं. पट्टा तुटून पंप थांबला किंवा जाळी बुजून हवा थांबली, तर हाती काही मिनिटं उरतात.

त्यात आमचा उन्हाळा. अकोला-बुलडाण्याच्या सपाटीवर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नेमकी त्याच दिवसांत खोल नांगरटी चालते. रेडिएटर ताप टाकतो तो पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की फरक ५० चा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम जवळपास तीस टक्क्यांनी कमी. हिवाळ्यात जे इंजिन अर्धवट बुजलेल्या जाळीवर निभावून नेतं, तेच उन्हाळ्यात निभावत नाही. म्हणून "मागच्या वर्षभर काही झालं नाही" हा पुरावा मी मानत नाही. दुरुस्तीची वेळ नांगरटीच्या आधी, मार्चमध्ये आहे. मे महिन्यात फक्त भोगायचं असतं.

उन्हापेक्षाही मोठं कारण कुटाराचं. सोयाबीन, तूर, हरभरा, जे पीक मळायला येतं त्या हंगामात माझ्याकडे गरम झालेल्या इंजिनांची रांग लागते. मळणीयंत्रावर ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. चालत्या ट्रॅक्टरला समोरून मिळणारी हवा त्याला मिळत नाही. सगळा भार पंख्यावर, आणि पंखा जी हवा ओढतो ती कुटारानं भरलेली. पहिल्या तासात जाळीवर पातळ पडदा बसतो, संध्याकाळपर्यंत त्याचा नमदा होतो. वर इंजिनाच्या तेलाचा किंवा डिझेलचा ओलावा असला तर तो नमदा चिकटून राहतो आणि झटकून निघत नाही. कपाशीच्या दिवसांत हेच काम रुईचे तंतू करतात.

हरभऱ्याच्या एका हंगामातलं इंजिन मला विसरता येत नाही. ढग आलेले, अवकाळी येणार अशी हवा, खळ्यावर ढीग पडलेला आणि पुढच्या तीन शेतकऱ्यांचा नंबर लागलेला. ट्रॅक्टरवर जेमतेम विशीतला पोरगा होता. काटा वर चाललेला त्यानं पाहिला होता आणि मळणीयंत्राच्या मालकाला फोनही केला होता. पलीकडून उत्तर आलं, "एवढा ढीग काढ, मंग पाहू." ढीग निघाला आणि इंजिन जाम झालं. मी ते उघडलं तेव्हा बाहेरची जाळी तीन हिस्से बुजलेली होती. रेडिएटरच्या खालच्या बाजूच्या नळ्या आतून चुन्यानं बंद होत्या. झाकणाच्या रबराचे तुकडे पडले होते. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळालेलं, हेड वाकलेलं, एक पिस्टन लाइनरला घासून चिकटलेला. यातल्या एकाही दोषानं एकट्यानं इंजिन मारलं नसतं. बुजलेली जाळी धुतली असती तर आतला चुना आणखी एक वर्ष निभला असता. झाकण बरं असतं तर पाणी उकळायला उशीर लागला असता आणि तेवढ्यात ढीग संपला असता. तिन्ही एकत्र आले आणि वर थांबायचा हुकूम कोणी दिला नाही. लेथवर हेड घासून, नवे लाइनर-पिस्टन टाकून इंजिन उभं राहिलं. पण हंगाम गेला आणि खर्च त्या हंगामाच्या कमाईहून जास्त झाला. त्यानंतर त्या पोराचं काम सुटलं, हे मला खर्चाहून जास्त लागलं. थांबायला हवं हे त्या खळ्यावर फक्त त्यालाच कळलं होतं.

म्हणून कोणी सल्ला मागितला की मी पाण्यापासून सुरुवात करतो. रेडिएटरमध्ये बोअरचं, विहिरीचं, कॅनॉलचं पाणी घालू नका. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात मिसळून घाला. साधारणपणे निम्मं-निम्मं चालतं. तयार मिसळलेलं मिळतं तेही चालतं, त्यात आणखी पाणी घालायचं नाही. कूलंट थंड प्रदेशासाठी असतं, बर्फ होऊ नये म्हणून, असा आपल्याकडे समज आहे. तो त्याचा एक उपयोग आहे. आपल्यासाठी त्याचे दुसरे उपयोग मोठे. त्यातली रसायनं गंज थांबवतात, पंपाच्या सीलला जपतात आणि पाण्याची उकळी थोडी लांबवतात. शुद्ध पाणी एकटं घातलं तर चुना बसत नाही, पण गंज चढतो, म्हणून नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरेसं नाही. आणि नुसतं कूलंट ओतणंही चूक, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहू शकत नाही. दोन रंगांची कूलंटं एकमेकांत मिसळू नयेत. त्यांतली रसायनं वेगळी असतात आणि काहींची आपसात भेट झाली की गाळ होतो. रस्त्यात अडचण पडली आणि काहीच हाताशी नसेल तर आरओच्या जारचं पाणी किंवा स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी घाला आणि घरी आल्यावर पुन्हा नीट भरून घ्या.

ओल्या लाइनरच्या इंजिनांत, म्हणजे ज्यांत लाइनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं त्यांत, कूलंटचं आणखी एक काम आहे. दर स्फोटाबरोबर लाइनर बारीकसा थरथरतो. त्या थरथरीनं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लाइनरच्या अंगावर फुटतात. वर्षभरात ते लोखंडाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात. एखादं भोक आरपार गेलं की पाणी तेलात उतरतं. चांगल्या कूलंटमधली रसायनं लाइनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि ही झीज रोखतात. त्यांची ताकद काळानं संपते, म्हणून रंग चांगला दिसत असला तरी पुस्तकात सांगितलेल्या मुदतीला, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या आत, कूलंट बदलायचं.

यानंतर झाकण. रेडिएटरचं झाकण हे डब्याचं झाकण समजून कोणी पॉलिथिन लावून बसवतं, कोणी कापडाचा बोळा कोंबतं. त्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक आतला दाब धरून ठेवतो, दुसरा इंजिन गार होताना बाहेरून पाणी किंवा हवा परत आत घेतो. बऱ्याच झाकणांवर ०.९ असा आकडा असतो. तेवढा दाब धरला की साधं पाणी १०० अंशांऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की ही सगळी सवलत गेली. नवं झाकण काही शे रुपयांना मिळतं आणि इंजिन वाचवायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. बदलताना आकडा तोच पाहून घ्यावा.

थर्मोस्टॅटबद्दल आमच्याकडे एक जुना गैरसमज आहे. उन्हाळा आला की तो काढून फेकायचा, म्हणजे पाणी मोकळं फिरतं, असं पुष्कळ ड्रायव्हर आणि काही मिस्त्रीही मानतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जाऊ देतो. तो काढला तर इंजिन सकाळी कितीतरी वेळ थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, लाइनरवरचं तेल धुतलं जातं आणि झीज वाढते. काही इंजिनांत त्याच्यामागे बायपासची वाट असते. थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंद करतो. तो नसेल तर ती उघडीच राहते आणि निम्मं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतं. म्हणजे गार करायला काढलेला भाग इंजिनाला जास्त तापवतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळत्या पाण्यात धरा. उघडला तर चांगला, नाही उघडला तर नवा टाका.

फॅन बेल्ट अंगठ्यानं मधोमध दाबला की एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर घसरतो आणि पंखा-पंप दोन्ही मंदावतात, कमी दबला तर पंपाचं बेअरिंग जातं. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असेल तर ते एम-सीलनं बुजवू नका, सील गेल्याची ती खबर आहे. होज पाइप हातानं दाबून पाहा. मऊ पडलेला, आतून फुगलेला किंवा थर सुटलेला पाइप वरून चांगला दिसतो आणि भर कामात बसतो. रेडिएटरची जाळी रोज झाडा, मळणीच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी. हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं, म्हणजे आलेलं कुटार आलेल्या वाटेनं परत जातं. जोर बेताचा ठेवायचा, नाहीतर पापड्या वाकतात आणि हवा कायमची अडते. मळणीला ट्रॅक्टर उभा करताना वारा कुटार ट्रॅक्टरपासून लांब नेईल अशी जागा निवडा. याला एक पैसा लागत नाही.

आत बसलेला थर काढायला काही जण ॲसिड ओततात. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला जाणत्या हातानं केलेलं ते काम चालून जायचं. वरचं-खालचं टाकं काढून नळ्यांत सळई फिरवायची, त्याला रॉडिंग म्हणतात, तेही त्यात होई. आजचे बहुतेक रेडिएटर ॲल्युमिनिअमचे आणि टाकी प्लास्टिकची. ॲसिड त्यांना खाऊन टाकतं. थर काढायचं औषध बाजारात मिळतं. ते सांगितल्या वेळेपुरतं वापरून, दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुऊन मगच कूलंट भरावं.

इतकं करूनही काटा चढलाच तर काय करायचं, हे ड्रायव्हरला आधी माहीत असायला हवं. पाणी आहे, वाफ नाही, फक्त काटा वर चाललाय, अशा वेळी भार काढा. नांगर वर घ्या, पीटीओ सोडा आणि इंजिन थोड्या वाढलेल्या आयडलवर चालू ठेवा. पंखा आणि पंप चालू राहिले की ताप हळूहळू उतरतो. एकदम बंद केलं तर पाणी थांबतं आणि हेडमधला ताप जागीच राहतो. पण वाफ निघत असेल, पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल, तर क्षणभर न थांबता बंद करा. झाकण लगेच उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि ते तोंडावर येतं. भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिले आहेत. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग ओलं गोणपाट झाकणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, आणि मग उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. थंड झाल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, तेल दुधाळ झालं आहे का, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, हे पाहा. यातलं एकही दिसलं तर इंजिन पुन्हा चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

ही सगळी कामं कोणालाही जमतात. तरी इंजिनं जातात, कारण ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याच्या हातात थांबायचा अधिकार नसतो. आमच्याकडे ट्रॅक्टर एकाचा, मळणीयंत्र दुसऱ्याचं, पीक तिसऱ्याचं आणि चालवणारा चौथा असतो. पैसे पोत्यामागे किंवा तासामागे ठरतात. थांबलेल्या तासाचे पैसे कोणी देत नाही. काटा पाहणाऱ्याला बोलणी खावी लागतात आणि काटा न पाहता ढीग काढणाऱ्याला शाबासकी मिळते. अशा व्यवहारात कुठल्याही कंपनीचं इंजिन टिकणार नाही.

म्हणून माझी विनंती ड्रायव्हरांना कमी आणि मालकांना जास्त आहे. नांगरटीच्या आधी एक दिवस ट्रॅक्टर कामावरून काढा, पाणी सोडून पाहा, झाकण-पट्टा-पाइप बदला, चांगलं कूलंट भरा. त्याचा सगळा खर्च काही हजारांत भागतो. बसलेलं इंजिन बांधायला चाळीस-पन्नास हजारांच्या खाली काम होत नाही. आणि मळणी ठरवतानाच सांगून ठेवा, की दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं जाळी झाडायला मिळतील आणि त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. काटा चढला म्हणून तुमच्या पोरानं भर कामात ट्रॅक्टर थांबवला, तर त्याला रागावू नका. त्या दिवशी त्यानं तुमचं इंजिन वाचवलेलं असतं.